नवाचा पाढा

बालवाडी बंद, हवा वाईट म्हणून.
बाईंनी कागद धाडलाय घरी:
हिवाळ्याचे उपक्रम, वय वर्षे चार.
पहिला: कापसाचा बर्फ करा.
खुलान दाराकडे बघते, मग माझ्याकडे.
बाहेर उणे चौतीस.
कापूस आमच्याकडे नाही.

रात्री मी लोकरीच्या गोदामाची राखण करतो,
दिवसा हिची.
हिची आई कारखान्यात दुसऱ्यांचे स्वेटर घड्या घालते.
म्हणजे मास्तर मीच,
डोळ्यांत झोप, आणि खडू म्हणून कोळसा.

वर्तुळ म्हणजे काय?
मी पोत्यातून गोठलेलं दूध काढतो,
वाडग्यातून निघालेली पांढरी थाळी.
ती कडेवरून बोट फिरवते, बोट चिकटतं,
ओरडते, हसते, पुन्हा फिरवते.
वर्तुळ आता ती विसरायची नाही.

लहान, मोठं: कोळशाच्या विटा.
मोठी रात्रीला. फुटकी आत्ताला.

मऊ आणि कडक:
ओला टॉवेल बाहेर टांगला,
हजार मोजू म्हटलं, तिला वीसच येतात,
म्हणून वीस, वीस, पुन्हा वीस.
टॉवेल फळी होऊन आला, दाराशी उभा केला.
"काका, आत या," ती म्हणाली.
काका चुलीपाशी आले,
थोडे वाकले,
आणि मटकन खाली बसले.
हा उपक्रम कागदावर नव्हता.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक्क्याऐंशी गोल आहेत.
आमचा हिवाळा नवाच्या पाढ्याएवढा,
नऊ दिवसांचं एक नवक, अशी नऊ नवकं.
रोज एक गोल काळा करायचा.
तिसऱ्या नवकात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं,
चौथ्यात चार वर्षांच्या बैलाचं.
"मी चार वर्षांची," ती कपाळ चाचपते,
"माझं काय गोठतं?"
नाक.
पाचव्यात उघड्यावरचा भात गोठत नाही.
सहाव्यात रस्ते दिसू लागतात.
पुढचं मी सांगत नाही, उगाच घाई करेल.

मग मेंढीच्या घोट्यांची हाडं, पिशवीभर.
चार कुशी: मेंढी, बकरी, घोडा, उंट.
तिला दर वेळी घोडाच हवा.
"हे कुणाचं?"
काळ्या तोंडाच्या मेंढीचं.
"आणि हे?"
तेही.

मोजायला मी संध्याकाळी शिकलो,
कळप परतायचा तेव्हा. चारशे बारा.
मग एका हिवाळ्यात आम्ही सकाळी मोजू लागलो.
तीनशे. एकशे चाळीस. सदतीस.
वडिलांनी मोजणं सोडलं तेव्हा अकरा होत्या,
आणि आम्ही या टेकडीवर आलो, शहराच्या धुरात.
म्हणून वजाबाकी मी घेत नाही.
कागदावर आहे ती, उपक्रम सातवा:
पाच हिममानवांतले दोन वितळले, उरले किती?
मी पान उलटलं.

डोळा लागला असावा.
उठलो तर सगळा पुठ्ठा काळा,
तीही कोपरापर्यंत काळी,
उजवा बूट डाव्या पायात, दाराशी उभी.
"संपला," म्हणाली.
मी गोल मोजले. एकही सुटला नव्हता.

दार उघडलं, वीतभर.
थंडी पांढरी होऊन आत सरपटली, तिच्या गुडघ्यांपर्यंत.
ती बराच वेळ बघत राहिली.
"नाही संपला."
आणि बाहीने शेवटचा गोल पुसायला बसली.

तिला वीसच येतात,
म्हणून मोजायला मी.
ऐंशी. एकोणऐंशी. अठ्ठ्याहत्तर.
आवाज मध्येच बसला, तर तिने वर पाहिलं,
"पुढे काय?"
सत्त्याहत्तर, बाळा.

एकतिसावर मी तिचा हात धरला.
इथवरच पुसायचं. आज आपण इथे आहोत.

तिने तिथे नाक टेकवून पाहिलं.
काळं झालं.
गोठलं नव्हतं.