साइड ड्रम

कराडात तेव्हा दोन बँड होते.
आमचा दुसरा.
म्हणजे पहिला ठरलेला असला
की लोक आमच्या दारात.

माणसं सात, लाल कोट पाच;
शिकलगारांचा मुबारक आणि मी
म्हणून मागच्या रांगेत, अंधारात.
गॅसबत्त्या सगळ्या नवरदेवापाशी.

दिवसा तो कात्र्यांना धार लावायचा,
संध्याकाळी क्लॅरिनेटची रीड
त्याच दगडावर घासायचा, हलक्या हातानं.
हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलेलं गाणं
अर्धं आठवून वाजवायचा,
उरलेलं पदरचं.
गावाला तेच खरं वाटायचं.

सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटे,
खुंटीवरचा साइड ड्रम
आपोआप थरथरायला लागला.
मुबारक झोपेतच ओरडला,
"कोण पळवतंय रं ताल?"
मग भिंत हलली.

त्या साली लग्नं थोडी झाली,
झाली ती बिनवाजपाची.
कोट कुणी कुणी थंडीत घालून झिजवले.
मोठा भोंगा मोडीत गेला, किलोवर.
मुबारक इचलकरंजीला, मागावर.

ड्रम माझ्याकडे आहे.
रस्त्यानं उसाचा ट्रक गेला
की त्याच्या तारा अजून कुजबुजतात.
मी पटकन हात ठेवतो वर,
मुबारक ओरडायच्या आत.