अर्धा डोस

उद्यमनगरात दिवसभर लेथवर
मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडतो मी,
तरी ड्रॉपर धरला की हात हलतो.

लेकीचा अ‍ॅक्झोलॉटल, नाव बत्ताशा.
कल्ल्यांवर कापसागत बुरशी.
डॉक्टर इंगवले फोनवर म्हणाले,
माशाचं औषध माशाला. ह्याला अर्धंच.
ह्याची कातडी म्हणजे सगळं तोंडच, मिस्त्री.

दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी,
आइस्क्रीमचा डबा,
आत निळं औषध, मोजून दहा मिनिटं.
बायको विचारते, जेवायचं काय?
मी घड्याळाकडं बघतो.

तुटलेला पाय परत उगवतो म्हणे ह्याला.
प्रेसखाली गेलेलं माझ्या करंगळीचं पेर,
अकरा वर्षं झाली.

दहा. उचलला.
ताज्या पाण्यात, गोठवलेल्या बाटलीशेजारी
बत्ताशा
एक कल्ला हलवतो.