पाळीच्या काट्यावरचा लॅपटॉप

झाकण मिटलं की कडेला चंद्रकोर लागते, पिवळी.
तेवढं ठीक.
झाकण उघडलं की पंखा सुरू होतो
आणि पडदा काळाच.
कॅप्स लॉक दाबला तरी दिवा लागत नाही.
म्हणजे आत कुणी नाही,
किंवा आहे आणि ओ देत नाही.

चौदा वर्षांचा आहे हा.
पाळीच्या खाणीवर, वजनकाट्याच्या खोपटात
माझ्यासमोर असायचा.
खाण थांबली तेव्हा पगाराच्या बाकीपोटी
कुणी खुर्च्या नेल्या, रुझारने पाण्याचा कूलर,
मी हा.
पत्रात लिहिलं होतं, काम तात्पुरतं स्थगित.
पत्र अजून ह्याच्याच पिशवीत आहे.

आता साखळीत झेरॉक्सचं दुकान.
दीडला शटर अर्धं ओढतो.
सगळा बाजार दीडला निजतो, चारला उठतो.
हा दीडला निजतो.

दिप्तेश पॉलिटेक्निकला आहे. फोनवर म्हणाला,
काका, आधी झोप कुठली ते बघा,
उथळ असते, खोल असते.
ओळ टंकली. उत्तर आलं: डीप.
उथळ करून बघितली. उठला,
पण रात्रभर पिशवीत तापत राहिला,
सकाळी बॅटरी शून्य.
असली झोप मला माहीत आहे.

मग एकेक काढत गेलो.
वायफाय काढलं, ब्लूटूथ काढलं, माऊस काढला.
तीस सेकंदांचा गजर लावून निजवायचं
आणि मनात मोजायचं.
एकतीस. बत्तीस.
पस्तीसला बटण दाबून धरायचं, सगळं विझेपर्यंत.
हे दाबून धरणं मला आवडत नाही.
वहीत खुणा आहेत, फुल्याच फुल्या,
मध्येच एक बरोबर,
जी पुन्हा कधी जमली नाही.

डबा ठेवता ठेवता बायको म्हणाली,
"ताका न्हिदूं दी."

शेवटी दिप्तेशने एक जुनी युक्ती काढली.
उठताना जिथे अडकेल
तिथली खूण हा घड्याळात लिहून ठेवील,
कारण तेवढं एकच आत बंद पडत नसतं.
तारीख बिघडेल, घाबरू नका.
पुन्हा सुरू केला तर अकरा जून,
साल मी बघणार नाही असं.
आणि लॉगमध्ये, खाली, एका ओळीत: सिरियल पोर्ट.

मी म्हटलं, ह्याला सिरियल पोर्ट नाहीच.
मग डाव्या कुशीला बोट लागलं.
खाचेत आत गेलेलं एक कार्ड,
कडेला अजून तांबडी धूळ.
त्यातून वायर जायची भिंतीबाहेर, काट्याच्या पेटीपर्यंत.
टिप्पर चढला की आकडा यायचा.
दिवसाला दोनशे टिप्पर,
भरलेले, रिकामे, भरलेले.

काटा गॅसने कापून भंगारात गेला
त्याला सहा वर्षं झाली.
ह्याला कुणी सांगितलं नव्हतं.
दर वेळी उठून हा आधी त्यालाच विचारायचा,
किती?
आणि थांबायचा.

कार्ड दाबलं. खट् करून बाहेर आलं.
निजवला. मोजत बसलो.
एकोणतीस, तीस,
चंद्रकोर गेली,
पडद्यावर पासवर्डाची चौकट.
पासवर्ड अजून काट्याचाच आहे.
तारीख हाताने लावली.
वहीत बरोबरची खूण केली, मग अजून तीनदा निजवून बघितला,
विश्वास नव्हता म्हणून.

कार्ड खणात ठेवलंय, रबरी शिक्क्यांशेजारी.
टाकवलं नाही.

चारला शटर वर केलं तर दारात सगुण परवार,
पूर्वी माझ्या काट्यावर टिप्पर घालायचा.
हातात अर्ज, घामाने मऊ झालेला.
खाण सुरू होते म्हणतात, म्हणाला,
ह्या वेळी नक्की.
मी झाकण उघडलं. हा उठला.
"किती प्रती?" मी विचारलं.
सगुण रस्त्याकडे बघत होता,
आमोण्याच्या बाजूला.