पंचवीस दांड्यांचा गठ्ठा

एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम.
नर्सने आकडा सांगितला आणि माझ्या हातांनी आधी ओळखला:
साठ सेंटिमीटरच्या पंचवीस दांड्या,
पुठ्ठ्यात गुंडाळून, रबर चढवून,
साधारण एवढ्याच भरतात.
असे दोनशे गठ्ठे बांधते मी दिवसाला.
हा काचेत ठेवलाय.
नाकात नळी, पायाला पट्टी:
'लुस्मिलाची मुलगी'. नाव अजून नाही.

आठ आठवडे आधी आली.

आमच्याकडे कळी मिटलेली असतानाच कापतात.
थंड खोलीत ठेवतात, मग विमानात,
आणि कुठल्यातरी परक्या टेबलावर ती उमलते.
ही कुठे उमलायची, डॉक्टर सांगत नाही.
उद्या बोलू, म्हणतो.

शेड नंबर अकरा. प्लास्टिकचं छप्पर, खाली आम्ही दोघी बहिणी,
वर कायाम्बेचा बर्फ, जो आतून दिसत नाही.
फवारा मारला की दारावर लाल हाताची पाटी लागते.
जानेवारीत, फेब्रुवारीच्या ऑर्डरी आल्या की,
पाटी भिंतीकडे तोंड करून उभी असते.
पानं ओलीच असतात. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव.
माझा आमारू पोटात होता तेव्हाही हीच शेड,
हीच चव.
तो दिवस भरून आला, साडेतीन किलोचा, ओरडत.

कितोहून एक मुलगी आली होती, बर्फाची पेटी घेऊन.
लुस्मिलाचं रक्त नेलं, माझं नेलं,
आई नको नको म्हणत होती, तिचंही थेंबभर.
महिन्याने परत आली, चुलीजवळ बसली,
आणि कुईंकडे बघत बघत समजावू लागली:
प्रत्येकीच्या अंगात एक झाडणारी असते,
आत आलेलं विष गोळा करून बाहेर टाकते.
तुझी चपळ आहे. लुस्मिलाची हळू.
एका अक्षराचा फरक, म्हणाली.

अक्षराचं आम्हाला नवल नाही.
माझ्या ओळखपत्रावर किलुंबाकिन आहे,
तिच्या ओळखपत्रावर किलुंबाकी.
कारकुनाला घाई होती.
त्या एका 'न'पायी लुस्मिला बँकेच्या रांगेत
दोन दिवसांची मजुरी घालवून आली.

म्हणजे यामुळेच झालं का, मी विचारलं.
ती जरा थांबली. धोका वाढतो, म्हणाली.
यामुळेच, असं एका बाळाबद्दल कुणालाच सांगता येत नाही.
खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुकादमाला कुठून कळलं कोण जाणे.
'बघ, तुमच्या रक्तातच आहे,' म्हणाला,
आणि इतका मोकळा झाला
की त्याने मला त्या दिवशी लवकर सोडलं.

अर्ध्या रस्त्यात मला आई आठवली.
आईचंही अक्षर तेच, लुस्मिलाचंच, हळूवालं.
याच जमिनीवर, प्लास्टिक यायच्या आधी,
सातू कापत नऊ पोरं काढली तिने.
नऊही दिवस भरून.
तिची झाडणारी हळूच होती,
झाडायला होती ती फक्त धूळ.

परत जाऊन त्याला हे सांगायला हवं होतं.
गेले नाही. आमारूच्या शाळेचे पैसे द्यायचे आहेत.

लुस्मिलाला ताप आहे, म्हणून आज छातीशी मी धरते.
कोपरापर्यंत पाच वेळा हात धुतले,
नर्सने वास घेऊन पाहिला, पुन्हा धुवायला लावले.
मग ठेवली ती माझ्या त्वचेवर,
पंचवीस दांड्यांहून हलकी वाटली,
आणि गरम. गुलाब कधी गरम नसतो.
लुस्मिला पलीकडच्या खाटेवरून माझ्याकडे बघत होती,
माझ्या चपळ रक्ताकडे,
की मला उगाच तसं वाटलं.

नर्स पट्टी बदलायला आली. नाव ठरलं का?
लुस्मिला भिंतीकडे वळून म्हणाली, सामी.
नर्सने पेन काढलं.
मी म्हटलं, बाई, सावकाश लिहा.
आडनाव मी सांगते, अक्षर अक्षर करून.