ओळ क्रमांक चारशे बारा

आमच्या अडतीतल्या संगणकाच्या कळा
मुळात पांढऱ्या होत्या,
हे आता कुणाला पटत नाही.
तेरा वर्षांची हळद बसलीय त्यांच्यावर.
पंखा सुरू झाला की
आतून मार्केट यार्डाचा वास येतो.

फुकटातली प्रणाली घातलीय त्यात,
फिरोज शिकलगारनं, पेन ड्राइव्हवरून,
"मालक, पैसा लागत नाही, व्हायरस येत नाही" म्हणत.
मराठीपण आहे म्हणाला.
होती. म्हणजे अर्धी.
बाकीची इंग्रजीतच, तोंड न शिवलेल्या पोत्यासारखी.

आणि जी मराठी होती तीत,
भर सौद्यात, दोनशे पोत्यांची पट्टी काढायची असताना,
पडद्यावर यायचं: कृपया प्रतीक्षा करा.
आदगोंडाकाका चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे,
"कोण गं ही प्रतीक्षा? आणि करायची कशी ती?"

मी हसले. घरी गेल्यावर हसू येईना.
चाळीस वर्षं या माणसानं
ट्रकची वाट बघितली, निजामाबादच्या भावाची,
बँकेत टाकलेल्या चेकची,
थोरल्या मुलाच्या फोनची.
प्रतीक्षा एकदाही केली नाही.

मग शोधलं, ही वाक्यं लिहितं कोण.
कुणीच नाही, असं निघालं.
म्हणजे कुणीही.
म्हणजे मीसुद्धा.

रात्री भांडी झाल्यावर, विश्रामबागेतल्या खोलीत,
भाच्यानं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर
एकेक ओळ घेत गेले.
'निरस्त करा' होतं, तिथं 'नको' लिहिलं.
'प्रणाली प्रतिसाद देत नाही', त्याचं 'हे अडकलंय'.
'आपण निश्चित आहात काय?'
इथं बराच वेळ बसून राहिले.
नव्हतेच मी निश्चित.
'नक्की?' एवढंच ठेवलं.
आणि ओळ क्रमांक चारशे बारा:
थोडं थांबा.

अकोल्याचे कुणी गोमासे सर तपासतात सगळं.
त्यांचा शेरा आला, भाषा फार घरगुती आहे.
मी लिहिलं, ऑफिसात बसणारी माणसं
घरूनच येतात, सर.
दहा दिवस काही नाही.
मग एका पहाटे हिरव्या खुणा, ओळीनं,
'नको'समोर, 'नक्की?'समोर.
चारशे बारासमोरची
अजून पिवळी. आमच्या कळांसारखी.

नवी आवृत्ती येणार तेवीस एप्रिलला.
फिरोजला तिच्याकडून वेग हवाय,
आणि प्रिंटरनं रुसू नये.
मालकांना हवंय, काहीच बदलू नये.
मी कुणाला सांगितलेलं नाही.

या गावाला आकड्यांवर वाट बघता येते.
पुराच्या वर्षी आयर्विन पुलाची पातळी
तोंडातोंडी फिरायची, अडतीस फूट, एकोणचाळीस,
आणि आम्ही हाच संगणक माळ्यावर चढवत होतो
चादरीत गुंडाळून, आजाऱ्यासारखा.
चढणाऱ्या आकड्याला तेव्हा शिव्या दिल्या.
आता निळी रेघ सरकते, टक्के वाढतात,
आणि मी मनात म्हणते, चढ बाबा.

तेवीसची रात्र. हमाल गेलेले.
काका मात्र थांबलेत, म्हैसाळची एसटी चुकवून,
का ते विचारलं तर म्हणाले, "असंच."
आकडा एकसष्टवर अडला.
फिरोज म्हणाला, "सगळं जग एकदम ओढतंय, काका."
सगळं जग!
काकांनी खुर्ची पुढं घेतली.
चहावर साय धरली.
बासष्ट.

किती वाजले होते कोण जाणे,
पडदा काळा झाला. पंख्यानं थोडी हळद उडवली.
जुनी गेली होती, नवी आली नव्हती,
आणि त्या काळ्या काचेत आम्ही तिघं,
माना पुढं काढलेले.

"काय लिव्हलंय?" काकांनी विचारलं.
त्यांना जवळचं दिसत नाही.
काहीच लिहिलं नव्हतं अजून.

"थोडं थांबा," मी म्हणाले.