रापणीचं जाळं, चारशे फुगे

अमेरिकेतलं कुठलंसं अधिवेशन
जिल्हाध्यक्षांनी टीव्हीवर पाहिलं, पहाटे अडीचला,
आणि सकाळी मला फोन:
छतातून फुगे पडायला हवेत, गुंडू.
नाव पुकारलं की त्याच क्षणी.

मी मंडपवाला. वेंगुर्ल्यात लग्नं करतो, बाराव्याची जेवणं करतो.
खुर्च्या त्याच, कव्हरं बदलतो.
फुगे पाडायचं काम पहिलंच.
तिकडे म्हणे त्यासाठी खास जाळी मिळते.
मी दाभोसवाड्यात पास्कूकडे गेलो.
त्यानं रापणीचा जुना तुकडा काढून दिला.
"धुवन घे," म्हणाला, "बांगड्याचो वास रवता."
धुतलं. राहिलाच.

उमेदवार रविवारी निवडायचा होता:
गुप्त मतदान, सीलबंद पेटी, मुंबईचे निरीक्षक,
पत्रिकेवर सगळं वेळेसकट छापलेलं.
शुक्रवारी कोल्हापूरहून फुग्यांचा खोका आला.
मी एक तोंडानं फुगवून पाहिला.
त्यावर काहीतरी होतं, मुंगीएवढं,
हवा भरत गेली तसं ते वाढत गेलं,
दी पे न ना ब र.
उरलेली हवा मी तोंडातच धरून बसलो.

मग पंप लावला. चारशे वेळा ते नाव मोठं केलं.
कुणाला सांगणार?
मागच्या सभेचं निम्मं बिल अजून यायचं होतं.

शनिवारी रात्री मंदाताई आरोलकर आल्या,
एकट्याच, स्कूटर बाहेर लावून.
बावीस वर्षं मतदारयाद्या ज्यांना पाठ,
कुठल्या वाडीत कोण वारलं
आणि यादीत अजून कोण जिवंत आहे, सगळं.
त्यांना माईकची उंची बघायची होती.
"मी ठेंगणी, गुंडू. गेल्या खेपेला नुसतं कपाळ बोललं माझं."
हसल्या. पर्समधून कागद काढला,
आभाराचं भाषण होतं.
आणि वर पाहिलं.

फुगे उलटेसुलटे होते, सगळे वाचता येत नव्हते.
एक वाचता आला की पुरे.
पंखा फिरत राहिला. बाहेर भरती.
त्या बिनकव्हराच्या खुर्चीवर बसल्या.
"सतरा जणांनी वेतोबासमोर शब्द दिलाय मला," म्हणाल्या,
"रात्री गावभर फिरून त्याच्या चपला झिजतात ना?
मग दिसत असेल त्याला, कोण कोणाकडे जाऊन आलं ते."
मी काही बोललो नाही.
जाताना दारातून विचारलं, "गाठ कसली मारलीस?"
"सरकगाठ. एक दोरी ओढली की सगळं मोकळं."
"हं," म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी शिडी लावली आणि ती गाठ परत मारली.
का, ते मला विचारू नका.

रविवारी मतं पडली. मोजणी अकरा मिनिटांत.
निकाल वाचताना निरीक्षकांनी चष्मासुद्धा लावला नाही.
मग मंदाताई उठल्या. मी माईक खाली केला,
पूर्ण चेहरा दिसेल इतका.
निवड एकमतानं जाहीर करा, म्हणाल्या.
कागद तोच होता, आभाराचा.
एक नाव फक्त बदललं, जागच्या जागी.
सतरा जणांच्या टाळ्या सगळ्यांत लांब चालल्या.

अध्यक्षांनी मान हलवली. मी दोरी ओढली.
दोरी हातात आली. जाळं तसंच.
घोषणा चालू, माना वर, कुणीतरी बांबू शोधायला पळालं,
दीपेन नाबर हात जोडून छताकडे बघत उभे,
आणि एक फुगा कुठेतरी आतच फुटला.

सांज झाल्यावर पास्कू जाळं न्यायला आला.
शिडीवर चढला, बोटानं काय केलं कोण जाणे,
चारशे फुगे रिकाम्या खुर्च्यांवर आले, सावकाश,
आवाज न करता.
तो वरूनच म्हणाला,
"रापणीत दोरयेक हात लायलो त्येका वाटो गावता.
हडे कोणाक गावलो?"
मी खुर्च्या मोजत होतो. दोन कमी भरत होत्या.

नातीसाठी एक फुगा त्यानं काखेत धरला.
"ह्यां नाव पुसता येता काय रे?"
"राहू दे," मी म्हटलं, "हवा गेली की बारीक होतं."