वाढत्या अंगाचा

मे महिन्याच्या भर दुपारी
बोहोरपट्टीच्या तोंडाशी एका दुकानात
आम्ही दोघी रेनकोट घ्यायला गेलो.
आत्ता घेतला तर साठ रुपये कमी,
पॅकिंगला माझ्याशेजारी बसणारी सुलभा सांगत होती.
पंखा होता, पण शेठच्या वहीकडे तोंड करून.

गार्गीने हात घातले,
बाहीतून बोटं बाहेरच आली नाहीत.
"वाढत्या अंगाचा घ्या, ताई," शेठ म्हणाले,
"दहावीपर्यंत बघायला नको."

वाढत्या अंगाचं.
चपला, फ्रॉक, शाळेचा स्कर्ट,
माझ्या लग्नातलं ब्लाउजसुद्धा तसंच,
आत दोन बोटं माया सोडून शिवलेलं.
शिवणीत दडवलेल्या कापडाला माया म्हणतात,
गरज पडली की उसवायची.
रेनकोटला माया नसते.
कडा तापवून चिकटवलेल्या,
टाका नाहीच, तर उसवणार काय?
म्हणून सगळं आधीच मोठं घ्यायचं
आणि आत पोरगी वाढायची वाट बघायची.

"मी एवढी होणार आहे?" गार्गीने आरशाला विचारलं.
आरशाला मधोमध तडा होता,
तिला काही ते दिसलं नाही.

सातवीपर्यंत शाळा गल्लीच्या टोकाला होती,
डबा विसरली तर मी पळत नेऊन द्यायचे.
आता हायस्कूल, नदीपलीकडे.
हिरावाडीतून सायकल, मग निमाणी,
मग होळकर पूल, मग रविवार कारंजाचा तो वळसा
जिथे बस आणि रिक्षा एकमेकींना विचारत नाहीत.
मी पिवळा काढला.
"आई, रस्ता खोदणारे घालतात तो."
तिने काळा काढला.
काळ्यात संध्याकाळी माणूस दिसत नाही, मी म्हणाले.
दिसायचंच नाहीये, ती म्हणाली,
आणि पटकन खाली बघितलं.

बसवाल्याला दिसावी
आणि पुलावर बसलेल्या पोरांना दिसू नये,
असा रंग शेठकडे नव्हता.
त्यांनी माळ्यावरून एक गठ्ठा पाडला.
धूळ, डांबराच्या गोळ्यांचा वास,
त्यातून एक निघाला, गडद हिरवा,
पाठीवर उजेड पडला की चमकणारी पट्टी.
शेठनी मोबाईलची बॅटरी मारून दाखवली.
गार्गी वळून वळून स्वतःची पाठ बघायला लागली.
दप्तरासाठी मागे पोक होतं. तिने ते दोनदा दाबलं.
चालेल, म्हणाली. आवडला, असं नाही म्हणाली.

मला आठवीत रेनकोट नव्हता.
दादांनी मोहाडीच्या द्राक्षबागेतलं उरलेलं प्लास्टिक
दुमडून, भोकं पाडून दिलं होतं.
वर्गात काढताना त्याचा आवाज व्हायचा,
बाई फळ्याकडून वळून बघायच्या.
हे मी गार्गीला सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती डोळे फिरवेल,
किंवा फिरवणार नाही.
मला भीती दुसऱ्याची आहे.

वाचलेल्या साठातले चाळीस उसाच्या रसात गेले.
पिशवी तिने मांडीवर धरली, रिक्षाभर.

रात्री लाईट गेली.
दाराच्या खिळ्यावर तो लटकत होता,
कुणीतरी आत येऊन उभं राहिल्यासारखा.
मी काढला आणि अंगात घातला.
बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या.
खांद्यावर ना सैल, ना ताठ.
दहावीपर्यंतचा म्हणजे
माझ्याच मापाचा घेऊन आले होते मी.
घाम पाठीवरून कंबरेला उतरत राहिला,
तरी तशीच उभी राहिले थोडा वेळ,
न पडणाऱ्या पावसात.

"बटणं ओढू नकोस," अंथरुणातून आवाज आला,
"तुटतील. मला जूनला लागणारेय."